हेमूच्या मीटरवर

लालबाग,
१९ नोव्हेंबर १९५६

गंगूवन्सं,

पाया पडते. हात कणकेचे आहेत म्हणून लांबूनच पडते. आईंच्याही पाया पडले असं सांगा.

तुमच्या धाकट्या भावाची खबर आधी देते, कारण ती देताना मला भारी बरं वाटतंय. तो सुएझचा कालवा बंद पडल्यापासून इथे पेट्रोलची बोंब आहे. पंपावर रांगा, वर भाव चढणार ही बोलवा. हेमूभावोजींची व्हॅन आता दिवसाआड उभी असते. दादरहून डबे घेऊन निघायचे ते ऐटीत हॉर्न वाजवत, आता गाडी उताराला लागली की इंजिन बंद करतात म्हणे, थेंब वाचावा म्हणून. मी ऐकलं नि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ती व्हॅन कोणाची होती ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय माझा जीव थंड होत नाही. ह्यांनी गिरणीत रात्रपाळ्या करून घेतली. मी गाळ्यात चुलीपुढे बसून डबे भरले आणि हे नि हेमू दोघे ते गिरण्यांवर पोचवायचे. हे गेले आणि तेराव्याच्या मांडवात हेमू कागद घेऊन आला. "वहिनी, गिरणीतले फंडाचे पैसे सोडवायचे आहेत, इथे सही करा." मी डोळ्यांतल्या पाण्यातून सही केली. फंड कसला नि काय, व्हॅन त्याच्या नावावर गेली. गाळ्याची भाडेपावती नि विजेचा मीटर आधीपासून त्याच्याच नावावर होता. आईंनी दम भरला म्हणून मला गाळ्यातून उठवलं नाही एवढंच. डोक्यावरून डबे वाहत मी सात-आठ महिने काढले आणि हा माझ्या अंगावरून धूळ उडवत जायचा.

आता ऐका. आमचे शेजारी धोंडूभावोजी माझगावच्या गोदीत फिटर आहेत. गोदीत माल हलवायला बॅटरीवरच्या ट्रॉल्या असतात, त्यातली एक भंगारात निघाली. ती त्यांनी मला लिलावात घेऊन दिली. ना धूर, ना आवाज. वर उभं राहायचं नि दांडा फिरवायचा. झपझप चालणाऱ्या माणसाइतकी पळते. पहिल्या दिवशी कासोटा घट्ट मारून मी वर उभी राहिले तर अख्खी चाळ गॅलरीत! नाक्यावरच्या हवालदाराने अडवलं. म्हणाला, "बाई, ही मोटार का हातगाडी?" मी म्हटलं, "हातगाडीच, फक्त हात लावावा लागत नाही." त्याने बाजूला होऊन वाट दिली.

हिशेब असा आहे. हेमूच्या व्हॅनला रोज गॅलनभर पेट्रोल लागतं, म्हणजे तीनेक रुपये गेले. माझ्या ट्रॉलीला बॅटरी भरायची वीज लागते पाच-सहा आण्यांची. आणि वन्सं, ते आणेसुद्धा त्याचेच! चार्जिंगच्या पेटीची तार मी गाळ्याच्या मीटरला लावलीय. संध्याकाळी लावते, सकाळी काढते. मीटर तोडायचा तर गाळ्यावरचा हक्क दाखवायला त्याच्याकडे एक पुरावा कमी, म्हणून तो तोडणार नाही. माझ्या पोटावर पाय देऊन गाडी नेलीस ना, आता माझी गाडी तू चालव.

आईंच्या डोळ्यांचं काय झालं ते कळवा.

तुमची,
दुर्गा

*

देवगड,
१६ डिसेंबर १९५६

चि. दुर्गा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, पण तारेचा भाग गाळला. ट्रॉलीवर तू उभी राहतेस ते ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणते, "माझी सून रथार बसता."

मी मात्र हसले नाही. हेमूने वाईट केलं हे मी त्याच्या तोंडावर बोललेय. पण वीज घ्यायची तर त्याला सांगून घे, मागून घे, भांडून घे. हे असलं बरं नव्हे. तो माझा भाऊ आहे नि तुझा राजारामही माझाच भाऊ होता. मी कुणाच्या बाजूने बोलू?

आईच्या डोळ्यांचं विचारलंस. सुईत दोरा ओवता येत नाही. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणते, मोतीबिंदूच असेल. डॉक्टर म्हणाले की मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवा, फार वेळ घालवू नका. हेमू महिन्याला तीस रुपयांची मनिऑर्डर करतो, त्यातले दहा मी पोस्टात टाकते. बोटीचं भाडं नि इस्पितळाचा खर्च साठला की तो स्वतः येऊन तिला नेणार आहे. एवढं तरी त्याचं चांगलं म्हण.

जिवाला जप. बॅटरीच्या ॲसिडचे हात डोळ्यांना लावू नकोस.

गंगू

*

लालबाग,
१४ मार्च १९५७

गंगूवन्सं,

उशीर झाला, रागावू नका. निवडणुकीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आमच्याकडे समितीने धुरळा उडवला ते पेपरात वाचलं असेलच. पण पेपरात जे आलं नाही ते मी लिहिते.

हेमूभावोजींनी आपली व्हॅन भाड्याने कोणाला दिली असेल? समोरच्या पार्टीला! ह्यांना मागच्या वर्षी मोर्चात डोक्यात लाठी बसली होती, तापातसुद्धा 'मुंबईसह' म्हणत होते आणि त्यांच्या गाडीवर ह्याने ते फलक बांधले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी समितीच्या पोरांना सांगितलं, माझी ट्रॉली घ्या, भाडं नको. पुढे कर्णा बांधला, त्याचीही बॅटरी गाळ्यातच भरली. आवाज न करणारी गाडी नि वर कर्णा, लोक दचकून बाजूला व्हायचे. शेवटच्या दिवशी मी ती मुद्दाम दादरला नेली आणि हेमूच्या दारात उभी केली. जेवायची वेळ साधून! मी स्वतः माइक हातात घेतला. "भावाची गाडी खाणाऱ्यांनो, महाराष्ट्राला काय सोडाल?" असं म्हटलं. खिडकीत त्याची बायको पद्मजा उभी होती. तिने पडदा ओढला. हेमू बाहेर आला, गाडीकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं, आणि आत गेला. त्याचं तोंड बघायला तुम्ही हव्या होतात.

आता चाळीत कोणाच्या टॅक्सीची बॅटरी उतरली, कोणाच्या रेडिओची उतरली, तर मी म्हणते, आणा गाळ्यात. पैसे विचारतात. मी म्हणते, पैसे कसले, माझ्या दिराने धर्मादाय काढलाय. लोक हेमूला दुवा देतात.

आईंची काळजी करू नका. डबे दुप्पट झालेत. त्यांचं ऑपरेशन माझ्या पैशाने होईल, त्याच्या नाकावर टिच्चून. जरा हातात पैसा खेळू द्या.

दुर्गा

*

देवगड,
९ मे १९५७

चि. दुर्गा,

आशीर्वाद. तू पाठवलेलं लुगडं पोचलं. आईने हाताने चाचपून काठ पाहिला नि विचारलं, हिरवा काय गो? तांबडा आहे. मी हिरवाच म्हटलं.

हेमूची मनिऑर्डर डिसेंबरापासून उतरत आलीय. आधी वीस आले, नंतर पंधरा. या महिन्यात नुसतं कार्ड आलं, त्यात एवढंच की खर्च वाढलाय. पेट्रोलने त्याला खाल्लं असणार. म्हणून वाटतं, तुझी गाडी इतकी स्वस्त पडते तर त्यालाही एक तशी बघून दे की. भांडण राहील बाजूला नि त्याचा जम बसेल. पोस्टातले पैसे काढून आम्ही तांदूळ आणले. बोट बंद व्हायच्या आत आईला न्यायचं होतं, ते आता नारळी पौर्णिमेच्या पुढे गेलं.

तुझी ती तार अजून आहे काय?

दिव्याला तेल कमी लागतं, आईला आता दिवा लावला काय नि न लावला काय, एकच.

गंगू

*

लालबाग,
२१ जुलै १९५७

गंगूवन्सं,

बघा, मी सांगत होते की नाही? आईच्या तोंडचा घास काढणारा माणूस तो! पेट्रोल वाढलं तर स्वतःचे सिनेमे बंद कर, पद्मजेच्या साड्या बंद कर, आईची मनिऑर्डर कसली बंद करतोस? तुमचं पत्र वाचलं नि मी त्याच पावली उठून गाळ्यात विजेची शेगडी लावली. आता दिवसभर जळते. डाळसुद्धा त्याच्या मीटरवर शिजते. आईंना उपाशी ठेवतोस तर भर दाम!

पाच रुपयांची मनिऑर्डर सोबत केलीय. जास्त केली असती, पण हात अडकले आणि कशात अडकले ते ऐकून तुम्हाला माझा अभिमान वाटेल. हेमूने व्हॅन विकायला काढली! डब्यांची गिऱ्हाइकं सगळी माझ्याकडे वळली, कारण मी स्वस्तात पोचवते, मग त्याला रिकामी गाडी परवडेना. मी धोंडूभावोजींना पुढे केलं आणि त्यांच्या नावाने गाडी घेतली. साठवलेलं सगळं त्यात गेलं. ऑपरेशनचं बाजूला ठेवलं होतं तेही.

चालवायला नाही घेतली, वन्सं. मोडायला घेतली. रे रोडला भंगारवाल्याकडे उभी केली नि समोर बसून राहिले. त्यांनी दरवाजे काढले, इंजिन काढलं, शेवटी घण घातले. ह्यांनी मागच्या फळीवर चाकूने आमच्या दोघांची नावं कोरली होती, ती फळी तेवढी मागून घेतली. ती आता माझी पोळपाट ठेवायची फळी आहे. हेमूला निरोप पाठवला की तुझी गाडी कोणी घेतली नि तिचं काय केलं ते विचार. त्याने विचारलं असणार.

ऑपरेशनचं दिवाळीनंतर नक्की. पावसात बोट तरी कुठे आहे? डोळे काय पळून जातात?

दुर्गा

*

देवगड,
१८ ऑक्टोबर १९५७

दुर्गा,

डोळे गेले.

डॉक्टरांकडे पुन्हा नेलं होतं. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. डोळ्यात ताण वाढत गेला नि आतली शीर मेली. वेळेत आणलं असतं तर जेवढं होतं तेवढं राहिलं असतं म्हणाले. आता मुंबई नको, कुठलंच इस्पितळ नको. आईने ऐकून घेतलं नि विचारलं, "मगे पैशे वाचले मां?"

मी हेमूला खरमरीत लिहिलं. तू एवढा कमावता असून म्हातारीला पंचवीस-तीस रुपयांसाठी आंधळी केलीस, असं. एका ओळीचं कार्ड आलं. म्हणाला, वहिनीला लिहितो. काय लिहितो ते मला कळव.

गंगू

*

दादर,
२५ ऑक्टोबर १९५७

गं. भा. दुर्गावहिनी यांस,

ताईचं पत्र आलं. तिने मला जे विचारलं त्याचं उत्तर तुमच्यापाशी आहे, म्हणून तुम्हाला लिहितो.

गाळ्याचं पहिलंच बिल आलं तेव्हा मला कळलं. माणूस पाठवून मी तार बघून घेतली. ती काढायला एक पक्कड पुरली असती. पहिल्या महिन्यात मी गप्प बसलो ते लाजेने. दादाच्या गाडीचं मी जे केलं ते माझ्या मनातून गेलेलं नाही, तुम्हाला खरं वाटो न वाटो. म्हटलं, घेतात तर घेऊ देत. पण एवढे पैसे माझ्याकडे वरचे नव्हते. दर महिन्याला बाहेर जाणारे तीस रुपयेच हाताशी होते, ते आईचे. बिल जेवढं, तेवढं त्यातून कापलं. पुढे व्हॅन चालेल तेव्हा भरून काढू असं ठरवलं.

मग तुम्ही माझ्या दारात कर्णा लावलात. माझ्या पैशाने भरलेली बॅटरी, आणि त्यावर माझी अब्रू. शेजारीपाजारी जेवता जेवता ऐकत होते. त्या दिवशी मी ठरवलं, आता सांगायचंच नाही. जाळू दे तिला हवी तेवढी वीज. ती माझं जाळतेय असं समजतेय, जळतंय तिच्या सासूचं. एक दिवस कळेल, तेव्हा तिचं तोंड मी बघेन. बिल वाढलं की मला बरं वाटायचं, वहिनी. तुम्ही शेगडी लावलीत त्यानंतर तर बंद पडलेली मनिऑर्डर पुन्हा सुरू करायचं मी मनातही आणलं नाही.

डोळ्यांवर येईल हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काय केलं असतं, तेही आता छातीला हात लावून सांगता येत नाही. तुम्ही गाडी फोडलीत, मी आईचं बंद केलं. आता तुमचं माझं फिटलं असं समजा. ताईला हे कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

हेमचंद्र

*

लालबाग,
२८ ऑक्टोबर १९५७

हेमूभावोजी,

तार काढली. शेगडीही काढली.

काहीएक फिटलेलं नाही. मी आईंना मुंबईला आणतेय. त्यांना सगळं सांगणार आहे, आधी माझं, मग तुमचं. तुम्ही सांगायच्या आत मी सांगणार, एवढा सूड मला घेऊ द्या. दादरचं दार उघडं ठेवा.

दुर्गा

*

लालबाग,
२ डिसेंबर १९५७

गंगूवन्सं,

आई सुखरूप पोचल्या. हे पत्र वाचून तुम्ही मला काय वाटेल ते बोला, मी उलट बोलणार नाही. हेमूचं पत्र सोबत घातलंय. ते आधी वाचा, मग पुढचं.

बोट भाऊच्या धक्क्याला लागली तेव्हा मी ट्रॉली घेऊन उभी होते. बॅटरी या खेपेला मी दुकानात पैसे मोजून भरून घेतली होती. खलाशांनी आईंना हाताला धरून उतरवलं. मी गोधडी घातली होती त्यावर त्यांना बसवलं, कठडा हातात दिला आणि निघाले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "चालू कर की गो. किती वेळ उभी रवतलंस?"

मी म्हटलं, "चाललीच आहे, आई. माझगाव मागे पडलं."

"आवाज खंय हिचो? कशार चालता ही?"

मी हजारदा मनात घोकलं होतं काय काय सांगायचं ते. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. म्हटलं, "तुमच्यावर, आई. वर्षभर तुमच्यावर चालली." मग तारेचं सांगितलं, कर्ण्याचं सांगितलं, व्हॅन फोडली तेही सांगितलं. शेवटी हेमूचं सांगितलं. रस्त्यात माणसं होती, मी कुणाकडे बघितलं नाही. आईंनी पूर्ण ऐकलं नि कठड्यावरचा हात तेवढा काढून मांडीत घेतला.

लालबागला चाळीपाशी थांबले. म्हटलं, उतरा. त्या हलल्या नाहीत. "तुझा मागसून बघतंय," म्हणाल्या. "आधी माका हेमूकडे व्हर."

दादरला पोचलो तेव्हा ट्रॉली रडतखडत चालत होती, शेवटी त्याच्या दारातच तिने मान टाकली. जुन्याच बॅटऱ्या, एवढं अंतर त्या कधी धावल्या नव्हत्या. हेमू दारात उभा होता. दार खरंच उघडं ठेवलं होतं. खाली वाकून त्याने पाय धरले. आईंनी त्याचं तोंड चाचपायला हात पुढे केला, तो केसांत गेला, मग कपाळावर. मग त्यांनी हात मागे घेऊन एक ठेवून दिली. पण वन्सं, गाल कुठे ते दिसत नव्हतं ना, ती खांद्यावर बसली. हेमू तसाच थांबला. मग त्याने आईंचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला, इथे, म्हणून. दुसरी नीट बसली. मी इतके दिवस ज्या थपडेची वाट पाहत होते ती माझ्यादेखत त्याला मिळाली, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. मला बाजूला तोंड करून रडायला आलं.

पद्मजा घरातून विजेची तार घेऊन आली. म्हणाली, "वहिनी, लावा इथे, तासाभरात निघाल." मी हात पुढे करणार होते. आईंनी आवाजावरून ओळखलं.

"नको," म्हणाल्या. "हेच्या विजेर माका बसूचा नाय नि तुझ्या विजेर पण नाय. दोघांनी ढकला."

त्या खाली उतरल्या नाहीत. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने हेमू. तो पायात चपला न घालताच निघाला. बॅटऱ्यांचं वजन म्हणजे नुसतं शिसं, वर आई. परळला गिरणी सुटत होती, माणसं थांबून बघत होती, कोणी हात लावायला आलं तर आई हाताने 'नको' करायच्या. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत नव्हतो. त्याला धाप लागली होती, मला त्याहून जास्त. कमरेतून कळ निघत होती. लालबागचा चढ लागला तेव्हा माझ्या छातीचा भाता नि त्याच्या छातीचा भाता एवढंच ऐकू येत होतं.

आईंनी मान एकीकडे कलती केली. कठड्यावर पुन्हा हात ठेवला.

"आता कळता गो," म्हणाल्या, "गाडी चालता ती."

दुर्गा